भाकरी भातात धरायची का?

ताटात वाढलेली भाकरी दुसऱ्याच्याच हाताने उचलली जाते, असं तुमच्या बाबतीत कधी झालं आहे का? नसेल, तर राहनाळच्या तात्यांशी तुमची ओळख नाही. तात्या भर पंगतीत मागून येतात, वाकतात, तुमच्या ताटातली भाकरी अलगद उचलतात आणि म्हणतात, "एक बास. ही पण भातच हाय." तुम्ही मान वळवेपर्यंत ते पुढच्या ताटाशी पोचलेले असतात.

ज्याला साखर, म्हणजे मधुमेह, आहे, त्याच्याच ताटात ते हात घालतात. कोणाला साखर आहे, हे त्यांना बरोबर ठाऊक असतं. डॉक्टरांकडे कोण कधी गेला, चहात साखर घालू नका असं कोणी कोणाला सांगितलं, याची बातमी त्यांना घरच्यांच्या आधी लागते.

माझं त्यांच्याशी वाकडं आहे, आणि त्याला कारण आहे. मी नारपोलीत जुने लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, घेतो आणि विकतो. पाठीवर सुताचे बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले जड रूळ, वाहून सुरुवात केली, कोणी हात दिला नाही. या धंद्याने मला एक गोष्ट शिकवली: विकणाऱ्याने आजारी दिसायचं नाही. विकणारा आजारी आहे असं कळलं की घेणारा खुर्चीत मागे रेलतो, आणि तिथून भाव उतरायला लागतो. म्हणून माझी साखर मी घरातल्या घरात ठेवली होती.

पुतण्याच्या हळदीला मालेगावचा एक व्यापारी मी मुद्दाम बोलावला. रस्सा झणझणीत, भाकऱ्या गरम, सौदा मी मागितलेल्या किमतीला ठरत आलेला. तेवढ्यात मागून तो हात आला.

"बाल्या, साखर हाय ना रं तुला? मग भाकऱ्यांची चळत कशाला लावलीस?"

व्यापाऱ्याने हातातला घास खाली ठेवला. "सेठ, तबियत संभालो," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी फोनवर त्याने जो भाव सांगितला, तो ऐकून मी फोन आपटला. महिनाभर आमच्या बाजारात लोक मला भेटले की आधी माझ्या पायांकडे बघायचे, सूज आहे का म्हणून. तात्यांना मी अजून माफ केलेलं नाही, हे इथे लिहून ठेवतो.

आता हा छंद त्यांना लागला कसा, ते सांगतो. आमच्या काकी, म्हणजे तात्यांची बायको, साखरेने गेल्या. डॉक्टरांनी त्यांना भात बंद सांगितला होता. काकींनी तो असा पाळला की लग्नाकार्यात, सणावाराला शिताला बोट लावलं नाही. फक्त भाकरी खायच्या. आमच्या गावांत भाकरी म्हणजे तांदळाचीच. पण आमच्याकडे भात वेगळा आणि भाकरी वेगळी. एकाच कोठीतल्या तांदळाची दोन्ही, तरी कोणी त्यांना एका मापात धरत नाही. डॉक्टर घाटावरचे. "भाकरी खाते," असं काकी म्हणाल्या की त्यांच्या डोळ्यांपुढे ज्वारी. ते म्हणायचे, "उत्तम."

काकी गेल्यावर बाराव्याला कोणीतरी सहज बोलून गेलं, "पण भाकरी तरी तांदळाचीच ना?"  त्यानंतर तात्यांनी अस्लमभाईंचं सायबर कॅफे धरलं.

हे कॅफे नारपोलीत, एका कारखान्याला लागून. बाजूच्या लूमच्या धडधडीने कॉम्प्युटरच्या काचा थरथरतात. तिथे कोपऱ्यातली खुर्ची तात्यांची. पांढरा लेंगा, गळ्यात सोन्याची जाड साखळी, हातात वाण्याची पिशवी. जमिनी गोदामांना गेल्यावर माणसाला वेळच वेळ असतो. तात्यांना इंग्रजी येत नाही. अस्लमभाई इंटरनेटवर साखरेबद्दलचं पान उघडून हिंदीत सांगतात, आणि तात्या तपासतात.

तपासण्याची त्यांची पद्धत बाजारातली. "मासली घेताना काय करतोस? कल्ले उघडून बघतोस. ह्याचे पण उघडायचे." म्हणजे तीन प्रश्न. बोलतो तो कोण? कधी बोलला, ताजं की शिळं? आणि शेवटी, "खाली बघ, हा काय विकतो?"

या तिसऱ्या प्रश्नाला फारसं कोणी टिकत नाही. एका पानावर लिहिलं होतं की कारल्याचा रस प्या, साखर मुळापासून जाईल. खाली कारल्याच्या रसाची बाटली. एका पानावरच्या सफेद कोटातल्या माणसाने सगळ्या गोळ्या सोडा म्हणून सांगितलं. खाली त्याची भुकटी. "ह्याला आपल्या धंद्यात घे," तात्या मला ऐकवायचे, "डोळं मिटून लूम विकील."

जे काही विकत नव्हते, ते बहुतेक परदेशातले. ते बरोबर सांगायचे, पण भलत्याच ताटाबद्दल. ओट्स खा, पाव बदला, अमुक मासा खा. भाकरीचं नाव कुठेच नाही. शेवटी अस्लमभाईंकडून तात्यांनी त्यांतल्याच एका पानावर प्रश्न लिहून घेतला: तांदळाची भाकरी भातात धरायची का? तासाभरात उत्तर आलं. आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आम्ही लवकरच संपर्क साधू. तात्यांनी ही बातमी राहनाळपासून नारपोलीपर्यंत सांगितली. "महत्त्वाचा हाय म्हणाले." असं उत्तर मशीन सगळ्यांनाच पाठवतं, हे अस्लमभाईंनी त्यांना सांगितलं नाही. मीही नाही. तात्या कित्येक महिने रोज जाऊन विचारत होते, "आलं का काय?"

"अभी नहीं, तात्या."

"मोठी लोकं हायेत. वेल लागणार."

जेवायच्या वेळी ते कोणाच्याही घरी उगवतात, याचं आमच्या घरात कोणाला नवल वाटत नाही. राहनाळला त्यांच्या घराच्या तिन्ही बाजूंना आता गोदामं आहेत. जुना शेजार जागा विकून कल्याणला गेला. मुलगी उरणला दिली आहे. अंगणात बसलं तर समोर कंटेनर. त्यांचे ड्रायव्हर रोज नवे. "काय मामा," असंही म्हणणारं कोणी नाही. आमची ही म्हणते, "येतात तर येऊ द्या. भाकरी काढून नेतात, पण बसतात तरी."

मला मात्र हिशेब चुकता करायचा होता. एका दुपारी मी कॅफेत जाऊन तात्यांच्या शेजारी बसलो. अस्लमभाईंना म्हटलं, मला असं पान काढून द्या की ज्यात भाकरी चालते असं लिहिलंय. अस्लमभाईंनी बरीच खटपट केली. आणि सापडलं. इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं: तांदळाच्या पिठाची भाकरी हलकी, मधुमेह असणाऱ्यांनी निर्धास्त खावी, भातासारखी ती साखर वाढवत नाही.

मी खुर्ची फिरवली. "ऐकलं का, तात्या? आता पंगतीत माझ्या ताटाला हात लावायचा नाही."

तात्यांनी नेहमीचा टोमणा मारला नाही. ते पुढे सरकले. "परत वाचा," म्हणाले. अस्लमभाईंनी परत वाचलं. "अजून एकदा." अजून एकदा वाचलं. तात्यांचा चेहरा मी इतका मोकळा कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी स्वतःच हात पुढे केला आणि पडद्याच्या तळाकडे बोट दाखवलं.

"खाली न्या."

अस्लमभाईंनी पान खाली नेलं. तळाशी पिठाची पिशवी होती, ऑर्डर द्यायला फोन नंबर होता.

"ये भी बेच रहा है, तात्या," अस्लमभाई हळू आवाजात म्हणाले.

तात्या मागे टेकले. बाजूचे लूम चालूच होते. "असली पानं मला आधी पण सापडलीत," ते मला म्हणाले. "मी दुसरं काय शोधतो, तुला काय वाटलं? लोकांची भाकरी उचलायला पान कशाला लागतंय? मला एकच पायजे, भाकरी चालते सांगणारं, आणि काय न विकणारं." मग म्हणाले, "ती विचारायची मला, दुसरी घेऊ का? मी म्हणायचो, घे गं, भात तर न्हाय ना खात. वाढायचो पण मीच."

 मग मला जे येतं तेच मी केलं.

"काकींची साखर जुनी होती, तात्या."

"होती."

"त्यांच्या आईलाही होती."

"हाय खरं."

"गोळ्या विसरायच्या त्या. तुम्हीच ओरडायचात."

"कधी कधी."

"मग सगळं भाकरीवर कसं टाकता?"

तात्या माझ्याकडे बघून किंचित हसले. "तू भाव पाडतोस, बाल्या."

"पाडतोच. माझा धंदा आहे."

"पाड. माल माझ्याच गळ्यात राहणार. पण ऐकायला बरं वाटतं."

मी खुर्ची जवळ ओढली. "आणि डॉक्टर. त्या घाटावरच्या माणसाने एकदा तरी विचारायचं होतं, भाकरी कशाची..."

तात्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"डॉक्टरचं उद्याला ठेव," ते म्हणाले. "उद्या पण येशील ना?"