छपरांचा रस्ता

मिनेसोटातल्या एल्क फॉर्क गावात रस्त्याला खड्डे पडले होते, आणि घरांवरून उतरवलेल्या जुन्या डांबरी कौलांचा गावाबाहेर डोंगर साचला होता. दोन्ही कटकटी एकमेकींत कालवाव्यात, असा ठराव सभेपुढे आला. कौलं दळायची आणि रस्त्याच्या डांबरात मिसळायची. चर्चच्या तळघरात, कॉफी निवायच्या आत, सगळ्यांचे हात वर गेले. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या व्हर्लिन हौगनांनी तर दोन्ही वर केले. कचऱ्याचं सोनं होणार, आणि कचरा शेजाऱ्यांचा! आणखी काय पाहिजे माणसाला?

थंडी पडेपर्यंत रस्ता अर्धा झाला आणि डोंगर संपला. अर्धवट रस्ता गावाच्या प्रतिष्ठेला शोभेना, म्हणून गावाच्या रस्ता समितीने 'जुनं छप्पर' याची व्याख्या यथोचित रुंद केली. बर्फ वितळू लागताच समितीच्या निरीक्षक कँडेसबाई हौगनांच्या दारात हजर.

"काका, तुमचं छप्पर जुन्यात बसतंय."

"अगं, थेंबभर गळत नाही ते!"

"म्हणून तर निवडलं. गळक्या मालाचा रस्ता टिकेल का?"

छप्पर उतरलं. नवी कौलं घेऊन ट्रकही निघाला, पण कँडेसबाईंनी तो वेशीवरच अडवला. बर्फ वितळलं की जमीन मऊ पडते, म्हणून जड गाड्यांना दर वसंतात बंदी असतेच.

"त्या रस्त्यात गावाची छपरं आहेत, काका. ती चिरडायची का?"

"आणि मी कशाखाली झोपू?"

"मे महिन्यापर्यंत जरा कळ काढा."

पावसाने कळ काढली नाही. छपराच्या जागी ताणलेली निळी ताडपत्री फाटली. घरभर भांडी मांडून दमलेल्या बायकोने, आर्डिसने, शेवटची दोन पातेली नवऱ्यासमोर आदळली.

"दोन्ही हात वर केले होतेत ना? मग धरा आता!"

पुढच्या सभेला व्हर्लिन तावातावाने गेले. आज एकेकाला सोलायचंच! तेवढ्यात नवा ठराव आला: पुलाच्या कठड्यासाठी गावातली सुस्थितीतली लाकडी दारं घ्यावीत. व्हर्लिन बोलायला उठले, आणि थबकले. त्यांचं दार ओलीने फुगून केव्हाच वाया गेलं होतं. शेजारच्या ऑरिनचं मात्र अस्सल ओकचं होतं.

व्हर्लिन खाली बसले आणि त्यांनी हात वर केला.

हसलात? हसा, हसा. पण खरं सांगा, दारांचा ठराव वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर कुणाचं दार आलं?