दुडूचा पाय आणि जाड पुठ्ठ्याचं पुस्तक

मुलांनो, लिहिणाऱ्याची शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर रागावू नका, आणि शब्द साधे वाटले तर चालवून घ्या. गोष्ट मात्र नीट ऐका.

एका जंगलात, टेकडीच्या उतारावर, सशांची बिळं होती. कोल्ह्याची चाहूल ज्याला आधी लागेल तो ससा मागचा पाय जमिनीवर आपटायचा. धप्प! की सगळे बिळात. एवढंच त्यांचं शिक्षण.

मग उंबरावर राहणाऱ्या पोपटगुरुजींनी मुलांसाठी चित्रांचं पुस्तक काढलं. 'मी आता मोठा झालो!' जाड पुठ्ठ्याचं, गुळगुळीत, कोपरे गोल. त्यात एक गुलाबी ससुला रागावून पाय आपटतो आणि शेवटच्या पानावर शहाणा होतो. खाली लिहिलं होतं, 'मोठी मुलं पाय आपटत नाहीत. डोळे मिटतात, श्वास घेतात आणि मनात काय चाललंय ते सांगतात.'

प्रकाशनाला कोल्हा आला होता. "अशा पुस्तकाची फार गरज होती," तो म्हणाला. बोलताना त्याचे डोळे पाणावले. तोंडालाही पाणी सुटलं.

कापशी नावाच्या एका आईने आपल्या दुडूसाठी ते पुस्तक आणलं. दुडू म्हणजे पान सळसळलं तरी पाय आपटणारा. शेजारची मखमलकाकू विचारायची, "अजून आपटतो का गं तुझा? आमचं बाळ तर आता नुसतं श्वास घेतं."

कापशीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ती रोज पुस्तक वाचून दाखवायची. शेवटी दुडू सुधारला.

एका संध्याकाळी मायलेक गवत खात होते. दुडूचे कान ताठ झाले. मागचा पाय उचलला गेला.

"अंहं," कापशी म्हणाली. "पुस्तकात काय सांगितलंय?"

दुडूने पाय खाली ठेवला. डोळे मिटले. "आई, मला भीती वाटतेय."

"शाब्बास माझ्या राजा! कुठे वाटतेय? पोटात की छातीत?"

"करवंदीच्या जाळीत."

"वेड्या, भीती जाळीत नसते. ती आपल्या आत असते."

"ही आत नाहीये गं. हिला शेपूट आहे."

कापशीने वळून पाहिलं. शेपूट झुबकेदार होतं.

तिचा पाय आपोआप उठला. धप्प! सगळा उतार रिकामा झाला. दुडू मात्र डोळे मिटून श्वासच घेत होता. तिने त्याचा कान दातांत धरला आणि त्याला फरफटत बिळात नेलं. त्याच्या शेपटीचा गोंडा तेवढा कोल्ह्याच्या तोंडात राहिला.

"मुलासमोर पाय आपटलास?" आत मखमलकाकू म्हणाली. "आईच अशी वागली तर पोरांनी काय शिकायचं?"

कापशी लेकाची जखम चाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुस्तक बाहेर आणलं आणि दगडावर आडवं ठेवलं.

"आपट यावर."

"पुस्तकाला पाय लावू नये ना, आई?"

"आधी नमस्कार कर. मग आपट."

दुडूने नमस्कार केला. मग असा पाय आपटला की उंबरावरचे पोपटगुरुजी उडाले आणि पलीकडच्या टेकडीवरचे ससेसुद्धा बिळात शिरले.

तात्पर्य : मुलांना संस्काराची पुस्तकं जरूर घेऊन द्यावीत. घेताना पुठ्ठा जाड आहे ना, तेवढं बघावं.