रंगूशेठ साळिंदराचं सागवानी दार

एका जंगलात, मुलांनो, रंगूशेठ नावाचा एक साळिंदर राहत होता. जंगलाचं नाव मात्र विचारू नका. नाव सांगितलं की मोठी माणसं लगेच म्हणतात, हे तर आमच्याकडचंच, आणि मग आपली गोष्ट बाजूला राहते, त्यांची सुरू होते.

रंगूशेठचं कंदमुळांचं दुकान होतं. माल चोख, वजन बरोबर, जीभ गोड. गिऱ्हाईक आलं की तो आधी रताळ्याचा तुकडा चाखायला द्यायचा आणि मग एक किस्सा काढायचा. किस्सा संपेपर्यंत गिऱ्हाइकाच्या पिशवीत सुरणही गेलेला असायचा.

या रंगूशेठने त्या वर्षी आपल्या बिळाला नवं दार केलं. साधंसुधं नाही, सागवानी. सुतारपक्ष्याने तीन महिने खपून त्यावर वेलबुट्टी कोरली होती. कडी पितळेची होती. दार बसवलं त्या दिवशी रंगूशेठने ते एकवीस वेळा उघडून लावून पाहिलं. सरूबाई, म्हणजे त्याची बायको, शेवटी म्हणाली, "अहो, आता आत तरी या." तो आत आला आणि आतून आणखी सहा वेळा पाहिलं.

दाराची एवढी हौस का, ते सांगतो.

रंगूशेठ लहान होता तेव्हा त्या जंगलात जांभळाखालची गँग होती. गँग म्हणजे तिघं जण. भैरूदादा तरस हा म्होरक्या. गुलाब कोल्हा हा डोकं चालवणारा. आणि बंडा रानबोका हा डोकं न चालवणारा. तिघं दिवसभर जांभळाखाली बसून राहायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला, कुठे निघालास, एवढंच विचारायचे. तेवढ्यावर निम्मी मंडळी घरी परतायची.

रंगूच्या बापाच्या दुकानात ते चव बघायला यायचे आणि चव बघायला अख्खं पोतं न्यायचे. जेवण झालं की भैरूदादा रंगूला हाक मारायचा. रंगू जाऊन पाठ करून उभा राहायचा. दादा त्याच्या पाठीतला एक काटा उपटायचा आणि त्याने दात कोरत बसायचा. असे रोज दोन काटे. लग्नाचं वय झालं तेव्हा रंगू मागून जवळजवळ सशासारखा दिसत होता.

पण खरा सोहळा होळीचा. होळीच्या ढिगावर सगळ्यात वर चोरून आणलेलं दार पाहिजेच, असा त्या जंगलाचा रिवाज होता. आणि भैरूदादाला साळिंदराच्या बिळाचंच दार आवडायचं. सात वर्षांत सात दारं गेली. आठव्या वर्षी रंगूच्या बापाने गोणपाट लावलं. त्यांनी तेही नेलं.

दार जाताना छोटा रंगू करवंदीच्या जाळीमागून बघायचा आणि मुसमुसून रडायचा. पण मुलांनो, पुढचं नीट ऐका, कारण हे त्याने फक्त सरूबाईला सांगितलं होतं. रडता रडता त्याच्या मनात यायचं, की आपणही त्या तिघांत असतो तर काय मजा आली असती.

वर्षं गेली. भैरूदादा म्हातारा होऊन पलीकडच्या जंगलात लेकीकडे राहायला गेला. गुलाब आणि बंडाही त्याच्या पाठोपाठ गेले. रंगूच्या पाठीवर काटे पुन्हा दाट झाले. इकडे झाडाझाडावर घुबडं नेमली गेली. ती टक लावून बघत बसायची आणि काय बघितलं ते लिहून ठेवायची. वाटांवर मोर शिट्ट्या मारत फिरू लागले. घरोघरी दारं आली. चोरी होईना, मारामारी होईना.

त्यामुळे जंगलातले म्हातारे फार अस्वस्थ झाले.

ते रोज सकाळी पाणवठ्याजवळच्या सपाट दगडावर जमायचे आणि जंगल आता पूर्वीसारखं सुरक्षित राहिलं नाही, यावर दोन तास बोलायचे. त्यात तात्या घोरपड पुढे. तात्या म्हणायचा, त्या काळी ओढ्यापलीकडून एक परका प्राणी आपल्या आळीत पाऊल टाकत नसे. हे खरंच होतं. पाऊल टाकलं की बंडा ते पाऊल धरून ओढ्यात फेकायचा. पलीकडचेही इकडच्यांना तसंच फेकायचे. खुद्द तात्याची सासुरवाडी पलीकडची, म्हणून त्याचं लग्न ओढ्याच्या मधोमध लागलं. नवरा-नवरी कमरेएवढ्या पाण्यात उभी. जिलब्या वाहून गेल्या आणि खालच्या अंगाच्या माशांना आठवडाभर दुसरं काही गोड लागेना. आता तात्या ही गोष्ट डोळे पुसत सांगायचा, आणि पाण्यातली लग्नं आता होत नाहीत याबद्दल हळहळायचा.

एकदा कुणीतरी म्हणालं, त्या काळी पोरीबाळी पाण्याला किती निर्धास्त जायच्या. सरूबाई तिथेच कळशी भरत होती.

"जायचो की," ती म्हणाली. "पुढे दोन भाऊ, मागे दोन भाऊ, कडेला मामा. पाणवठ्याची वाट दिसते कशी, ते मला लग्न झाल्यावर कळलं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. किती एकोपा होता कुटुंबात, असं तात्या म्हणाला.

आणि गंमत बघा, गँग होती तिघांची. पण त्या दगडावर ती हळूहळू वाढत त्रेसष्ट जणांची झाली. जो तो म्हणे, मी होतो. कासवसुद्धा सांगायचं, की पळत जाऊन खबर देण्याचं काम माझ्याकडे असायचं.

रंगूशेठनेही एकदा एका गिऱ्हाइकाला सुरण गळ्यात मारताना सहज म्हटलं, की मी भैरूदादाचा उजवा हात होतो. गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकलं आणि नमस्कार करून गेलं. रंगूशेठला तो नमस्कार फार आवडला. दुसऱ्या दिवशी त्याने दगडावरही तेच सांगितलं. महिन्याभरात कुठल्या वर्षी दार कसं उचललं, याचे बारकावे तो सांगू लागला. बारकावे अगदी खरे होते, कारण त्याने ते जाळीमागून पाहिले होते. ऐकणाऱ्यांत त्याच्याएवढं कुणालाच आठवत नव्हतं. त्यामुळे त्रेसष्ट जणांत त्याचा नंबर पहिला लागला.

पोपटांना हे कळलं. त्या जंगलात एका पोपटाने काही म्हटलं की शंभर पोपट तेच म्हणत सुटायचे. तर पोपट ओरडू लागले, "त्या काळी दारं उघडी टाकून बाहेर जायचो. ज्यांना आठवतं त्यांनी पुढे सांगा." सगळ्यांनी पुढे सांगितलं. दारं उघडी राहायची कारण दारंच नसायची, हे सांगायला कुणाला सुचलं नाही. सरूबाईला सुचलं होतं, पण पोपट तिच्या अंगणात थांबेनात.

मग ठरलं, की यंदाची होळी जुन्या पद्धतीने करायची. भैरूदादाला मानाने बोलवायचं आणि सत्कार करायचा. नव्या पोरांना कळू दे, सुरक्षितता काय चीज असते. ही सूचना मांडली कुणी? रंगूशेठने. मांडताना त्याचा आवाज भरून आला होता.

घरी आल्यावर सरूबाईने विचारलं, होळीच्या डोक्यावर दार कुणाचं ठेवणार. रंगूशेठ हसला. म्हणाला, दार गँग नेते, आणि आपण गँगमध्ये आहोत, आपलं कसं नेतील. सरूबाई म्हणाली, "अहो, तुम्ही गँगमध्ये नव्हतात." रंगूशेठ क्षणभर गोंधळला. त्याला ते खरंच आठवेना.

होळीचा दिवस उजाडला. दुपारी जांभळाखाली सगळं जंगल लोटलं. भैरूदादा आला तो लेकीचा हात धरून. कंबर वाकलेली, डोक्याला कानटोपी, तोंडात एकच दाढ शिल्लक. गुलाबला समोरचं दिसत नव्हतं आणि बंडाला मागचं आठवत नव्हतं. पण त्यांना बघून म्हाताऱ्यांना असं काही भरतं आलं म्हणून सांगू. तात्या घोरपडीने तर बंडाला गळामिठी मारून, मला एकदा ओढ्यात फेक, अशी गळ घातली. बंडाने प्रयत्न केला. दोघंही पडले. टाळ्या थांबेनात.

शाल झाली, श्रीफळ झालं, पुरणपोळ्या झाल्या. रंगूशेठ दादाच्या शेजारच्या खुर्चीवर, उजव्या बाजूला. मग सूत्रसंचालन करणाऱ्या मैनेने विचारलं, दादा, आता रिवाजाप्रमाणे दार कुणाचं आणायचं. दादा म्हणाला, जे असेल ते.

आणि मुलांनो, इथे मौज झाली. जुन्या काळासाठी रडणाऱ्या त्या त्रेसष्ट जणांनी, तात्यासकट, पहाटेच आपापली दारं बिजागरीतून काढून बिळाच्या आत पलंगाखाली लपवली होती. सगळ्या जंगलात बाहेर एकच दार लावलेलं होतं. सागवानी. वेलबुट्टीचं. पितळी कडीचं.

ढोल वाजवत सगळे तिकडे निघाले. रंगूशेठ सगळ्यात पुढे, मिरवणुकीकडे तोंड करून नाचत होता, आणि मागे वळून दिशा बघतच नव्हता. दिशा कळली तेव्हा समोर त्याचंच अंगण होतं आणि दारात सरूबाई उभी होती.

दार माझं आहे, ते राहू द्या, असं म्हणावं तर लोक म्हणणार, हा कसला उजवा हात. तेवढ्यात भैरूदादा तोंडात बोट घालून काहीतरी चाचपू लागला. पुरणपोळीतली डाळ त्याच्या एकुलत्या एका दाढेत अडकली होती.

दादाने नुसतं "च्" केलं.

त्यासरशी रंगूशेठ, भर मिरवणुकीत, दोन्ही हात जोडून, पाठ करून दादापुढे वाकून उभा राहिला. विचार करायला वेळच मिळाला नाही. अंगाने आपलं आपण केलं.

दादाने सवयीने एक काटा उपटला, दाढ कोरली, आणि मग तो काटा डोळ्यांजवळ धरून बघत राहिला. ढोलांच्या गोंगाटात तो रंगूशेठच्या कानाशी वाकला. ऐकलं फक्त रंगूशेठने आणि दारातल्या सरूबाईने.

"अरे, तू तर जाळीमागे रडणारा पोरगा," दादा म्हणाला. "साळिंदराचा रंगू."



दादाला काय वाटलं कोण जाणे. म्हातारपणाने त्याचा स्वभाव मऊ झाला होता, आणि जावयाच्या घरी राहून तर फारच. तो म्हणाला, "मी सांगतो यांना खरं काय ते. तुमची आठ दारं खाल्ली आम्ही. हे नववं राहू दे."

आता बघा मुलांनो, दार वाचलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. सरूबाई मान हलवून त्याला तेच सांगत होती. रंगूशेठने दाराकडे पाहिलं. वेलबुट्टीवर ऊन पडलं होतं. मग त्याने मागे पाहिलं. सगळं जंगल त्याच्याकडे डोळे लावून उभं होतं.

"दादा," तो हळूच म्हणाला, "पाया पडतो, सांगू नका. दार न्या."

दादाने सुस्कारा सोडला आणि दाराला हात घातला. दार हललं नाही. गुलाबने हात घातला, तो भिंतीला. बंडाने दार ढकललं, तर ते उघडलं आणि तो थेट सरूबाईच्या माजघरात गेला. तिने त्याला पाणी दिलं आणि बाहेर आणून सोडलं. तिघं धापा टाकू लागले. गर्दीत चुळबूळ सुरू झाली. एक तरुण भेकर म्हणालं, हेच का ते.

तेव्हा रंगूशेठ पुढे झाला. कडी कशी काढायची ते त्यालाच ठाऊक होतं. बिजागरी कुठे सैल आहे तेही त्यालाच ठाऊक होतं. एका झटक्यात त्याने दार काढलं, पाठीवर घेतलं आणि धावत सुटला. काट्यांवर सागवान असं घट्ट बसलं, की हात लावायचीही गरज नव्हती. मागून सगळ्या जंगलाने होळीची बोंब ठोकली. ती बोंब त्याच्या नावाची होती.

त्या संध्याकाळी होळी फार सुंदर पेटली. सागवानच ते. भैरूदादाने सगळ्यांसमोर रंगूशेठला आपल्यातला म्हणून मिठी मारली आणि लगेच सोडली, कारण ते साळिंदर होतं. मोर शिट्ट्या वाजवायच्या सोडून नाचत होते. घुबडांनी डोळे मिटून घेतले होते, कारण धूर झोंबत होता. रंगूशेठच्या डोळ्यांतूनही पाणी येत होतं, आणि ते कशाचं आहे ते त्याला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. पन्नास वर्षं ज्याची वाट पाहिली, ते आज मिळालं होतं.

घरी आला तर बिळाच्या तोंडाशी सरूबाई हाताची घडी घालून उभी.

तो मान खाली घालून म्हणाला, आता काय करायचं. ती म्हणाली, काही नाही, आडवे व्हा. तो उंबऱ्यावर आडवा झाला. तिने त्याला थोडं डावीकडे सरकवलं, थोडं वर घेतलं, आणि काटे बाहेरच्या बाजूला आले आहेत ना, ते पाहिलं. अगदी बरोबर बसला. फटसुद्धा राहिली नाही.

तेव्हापासून रंगूशेठ दुकान बंद केलं की तिथेच असतो. येणारे-जाणारे थांबून त्याच्याकडून गँगच्या गोष्टी ऐकतात, आणि तो आडव्या-आडव्या सांगतो. गोष्ट ऐन रंगात आलेली असते. मग आतून सरूबाईची हाक येते.

"अहो, जरा उघडा बघू. मला पाण्याला जायचंय."

*

तात्पर्य : त्या काळी खरोखरच चोऱ्या होत नसत. आपली वस्तू आपणच पाठीवर घालून पोचवली, तर तिला चोरी कोण म्हणेल? म्हणून मुलांनो, वडीलधारे जुन्या दिवसांच्या आठवणी काढू लागले की त्यांना अडवू नये. आदराने ऐकावं, माना डोलवाव्यात. फक्त एकाने उठून हळूच दाराला टेकून बसावं.