आकाशातला पाहुणा, भाग दोन

"पिच्चर पडला, का हरभरा निंगेस्तोर जागलीवर जाचं," बापानं, इंद्रभाननं, बजावलं आणि स्वप्निलनं हसत होकार दिला. रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, पीक खाऊ नये म्हणून रात्रभर वावरात बसायचं, ती जागल. स्वप्निलला झोप जिवापाड प्रिय होती, पण त्याहून जास्त भरवसा त्याला आपल्या पिक्चरवर होता.

कारणही तसंच होतं. त्यानं मोबाइलवर काढलेला 'आकाशातला पाहुणा' रिसोडपासून वाशीमपर्यंत गाजला होता. त्यात मळणीयंत्र हेच यान, आणि पाठीला फवारणीचा पंप, डोक्याला हेल्मेट लावलेला त्याचा मित्र राजू हा परग्रहवासी. तो उतरला, ठेचा-भाकर खाल्ली आणि नाकाडोळ्यांतून पाणी गाळत यानाकडे पळाला. लोक हसून लोळले होते.

दुसऱ्या भागाला खत-बियाण्यांचं कृषी केंद्र चालवणारे गुलाबराव निर्माते लाभले. "आता भंगार नाही दाखवाचं. होऊ दे खर्च," ते म्हणाले. शूटिंग त्यांच्याच नव्या बंगल्यात ठरलं. नागपूरहून चकाकणारा, लाल डोळ्यांचा सूट आला. त्यात सगळं होतं, फक्त तोंडाला भोक नव्हतं.

"भाकर खाऊ कसा?" आतून राजू ओरडला.

"खाऊ नको, भाषण दे," गुलाबराव म्हणाले.

जेवण कापलं गेलं. राजूचा आवाज आतच घुमायचा, म्हणून तो वाशीमच्या एका सूत्रसंचालकाकडून भरून घेतला. मग काय, पाहुणा शुद्ध मराठीत विश्वशांतीवर बोलू लागला आणि थांबेचना.

ग्रामपंचायतीसमोर पडदा लागला. अख्खं गाव जमलं. पाहुणा गुलाबरावांच्या सोफ्यावर बसला, बोलत राहिला, आणि पहिल्या रांगेतली गोजराबाई उठली. तिनं नावं ठेवलेलं लग्नाचं जेवण गावात कुणी चांगलं म्हणत नसे.

"काहून गा गुलाबराव, इतक्या दुरून मानूस आला, त्याले चा बी नाही इचारला?"

"काकू, पिच्चर हाय तो!"

"पन घर त तुमचंच हाय ना!"

"मांगचा पावना कसा घरचा वाटे," मागून कुणी म्हणालं. "हा त तहसीलातून आल्यावानी बोलून राह्यला."

पडद्यावर यान उडेपर्यंत मैदान रिकामं झालं. दुसऱ्या दिवसापासून गुलाबरावांच्या दुकानात येणारा प्रत्येक जण खताआधी चहा मागू लागला. गुलाबरावांनी सूट स्वप्निलच्या अंगावर फेकला. "हे ध्यान मले पुन्हा दाखवू नको!"

स्वप्निल तोंड पाडून जागलीवर गेला. रागारागानं त्यानं सुटात कुटाराचा भुसा कोंबला, ते बुजगावणं बांधावर उभं केलं, डोळ्यांचे दिवे लावले आणि खुशाल झोपला. शेजारच्या वावरांत रोह्यांनी धुडगूस घातला. इंद्रभानच्या हरभऱ्याला मात्र कुणी तोंड लावलं नाही. रोज तेच. पाहुण्याला खरोखर घाबरणारे प्रेक्षक शेवटी भेटले. गुलाबरावांनी तसले आणखी सूट मागवून दुकानाच्या दारात विकायला टांगले.

एका सकाळी स्वप्निलला जाग आली, तर बाप पाहुण्यासमोर उभा. पुढ्यात भाकर, ठेचा आणि बशीनं झाकलेला चहा.

"बाबा, हे कायले?"

"रातभर राबते बिचारा. उपाशी ठेवाव का?" इंद्रभान ओशाळून म्हणाला. "जाय, काढ तुहा तिसरा भाग. जागल हा करन."

 स्वप्निल धावतच गावाकडे निघाला, तोच मागून बापाची हाक आली.

"पन या खेपी त्याच्या तोंडाले भोक ठेवजो!"