सम्यकला पी.एन.एस. आहे

"सम्यक पी.एन.एस. आहे, ते तुम्हाला माहीत असेलच," फ्लेविया मिस म्हणाल्या आणि प्रबुद्ध तायडेने लगेच मान हलवली.

"हो हो, कल्पना आहे."

कल्पना कसली, त्याला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. पण घाटकोपरच्या विमा ऑफिसात पंधरा वर्षं काढून प्रबुद्ध एक गोष्ट शिकला होता. मीटिंगमध्ये न कळलेल्या शब्दावर जो 'म्हणजे काय?' विचारतो तो आहे तिथेच राहतो, आणि जो मान हलवतो त्याला बढती मिळते. त्याला दोन मिळाल्या होत्या. शिवाय ही पडली मुलुंडची इंग्रजी शाळा. वडील जकात नाक्यावरचे कारकून, आपण मराठी शाळेतून आलेले. तिसरीच्या इटुकल्या बाकावर गुडघे हनुवटीला टेकवून बसल्यावर माणसाची आधीच निम्मी अब्रू गेलेली असते. उरलेली निम्मी कोण घालवणार?

शेजारी बसलेल्या बायकोने, पद्मजाने, त्याला कोपर मारलं. "विचार ना, काय असतं ते."

"घरी सांगतो," तो पुटपुटला.

पद्मजाला विचारायची लाज नव्हती, पण तिला विचारायचं होतं ते वेगळंच. "मिस, तो वाचताना फार अडतो हो. गोष्ट सांगा म्हटलं तर तासभर सांगेल. पुस्तक उघडलं की याचं पोट दुखतं."

फ्लेविया मिस शाळेत नव्या होत्या. जुलैतच लागल्या होत्या. त्यांनी समोरच्या यादीकडे पाहिलं, पद्मजाकडे पाहिलं आणि आवाज मऊ करून म्हणाल्या, "ते पी.एन.एस.मुळेच असेल."

प्रबुद्धने पुन्हा मान हलवली.

शाळेच्या फाटकाबाहेर येईपर्यंत त्याने मोबाइलवर शोधलंही होतं. पी.एन.एस. म्हणजे मेंदू आणि मणका सोडून उरलेल्या अंगातल्या सगळ्या नसा. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पोराच्या सगळ्याच नसा? तसेच दोघं सम्यकला घेऊन कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर हसले.

"नसा कसल्या घेऊन बसलाय! पी.एन.एस. म्हणजे नाकाच्या बाजूच्या पोकळ्या. सायनस हो! एक्स-रे काढा."

एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो दिव्यासमोर धरून बराच वेळ बघितला. "एकदम स्वच्छ आहे," ते म्हणाले. "म्हणजे अगदी सुरुवातीला पकडलंय आपण."

त्या रात्रीपासून सम्यक डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घ्यायला लागला. वाफ घेताना वाचायला लावत नाहीत, हे लक्षात आल्यावर तो आनंदाने घ्यायला लागला.

आठवड्याने शाळेच्या समुपदेशक रश्मी मॅडमचं बोलावणं आलं. खेळाचं सामान ठेवायच्या खोलीतून बॅटी आणि चेंडू बाहेर काढून शाळेने तिथे 'इन्क्लूजन सेल' अशी पाटी लावली होती. वेगळी गरज असलेल्या मुलांना सामावून घेण्यासाठी. धाकू शिपाई पहिल्या दिवशी येऊन कपड्यांचा सेल आहे का, असं विचारून गेला होता. रश्मी मॅडम चार शाळा सांभाळायच्या आणि इथे मंगळवारी आणि शुक्रवारी असायच्या.

प्रबुद्धने एक्स-रे पुढे केला. मॅडमनी तो बोटाने बाजूला सारला.

"डॉक्टरांचं पी.एन.एस. वेगळं, मिस्टर तायडे. आमचं वेगळं."

"हो, ते वेगळंच," प्रबुद्ध म्हणाला.

"आमच्यात ते..." मॅडम क्षणभर पंख्याकडे बघत राहिल्या. "प्रोसेसिंग अँड नेमिंग स्पीड. कॉम्प्लेक्स प्रोफाइल असतं. यादीत आलंय म्हणजे आधीच्या कुणीतरी स्क्रीनिंग केलेलं दिसतंय."

"केलं असणारच," प्रबुद्ध म्हणाला.

मॅडमनी दोन पानी योजना लिहून दिली. त्यात एक 'सेन्सरी डाएट' होतं. पद्मजाने आठवडाभर पोराला उकडलेला भोपळा आणि बिनतिखटाची आमटी घातली. मग मॅडमकडूनच कळलं, की हे डाएट खायचं नसतं, करायचं असतं. उड्या मारायच्या, दोरी ओढायची, वाटाण्याच्या परातीत हात घालून बसायचं. मग घरात उड्या सुरू झाल्या. खालच्या मजल्यावरून तक्रार आली. प्रबुद्धने शांतपणे जिन्यात उभं राहून सांगितलं, "आमचा मुलगा पी.एन.एस. आहे." खालच्या काकू गप्प झाल्या आणि संध्याकाळी शिऱ्याची वाटी घेऊन वर आल्या.

पद्मजाला मात्र हे पटत नव्हतं. एका रात्री भांडी आवरता आवरता ती म्हणाली, "मला एक सांग. तो 'वॉज'ला 'सॉ' वाचतो. ते यात कुठे बसतं?"

"ते प्रोसेसिंग."

"आणि उड्या मारून 'सॉ'चा 'वॉज' होणार?"

"अगं, हे शास्त्र आहे. असं एका वाक्यात नाही सांगता येत."

"तुला दहा वाक्यांत येतं का सांगता?" पद्मजाने विचारलं. प्रबुद्धने मान हलवली. ती नक्की हो म्हणून होती की नाही म्हणून, ते पद्मजाला कळलं नाही. त्यालाही नाही.

तोवर ही बातमी पालकांच्या ग्रुपवर पोचली होती. सम्यकच्या वर्गातल्या दिशाची आई नीलम समोरच्या टॉवरमध्ये राहायची. तिचा थेट फोन आला.

"तायडे, तुमचं पी.एन.एस. कुठून झालं? आमच्या दिशाच्या रिपोर्टमध्ये नुसतं 'स्लो' लिहिलंय यार. पी.एन.एस.ला परीक्षेत वेळ जास्त मिळतो म्हणे. वरच्या वर्गात कॅल्क्युलेटर पण देतात."

"हे बघा," प्रबुद्ध म्हणाला, "पी.एन.एस. प्रत्येक मुलात वेगळं असतं."

हे वाक्य त्याचं त्यालाच इतकं आवडलं की त्याने ते पुढे पंधरावीस जणांना ऐकवलं. कुणालाही ते खोडता येईना. लोक त्याला दुकानात गाठायचे, लिफ्टमध्ये गाठायचे. मुलगा सारखा पेन्सिल चावतो, हे पी.एन.एस. असेल का? मुलगी ऐकूनच घेत नाही, हे? प्रबुद्ध गंभीर व्हायचा आणि म्हणायचा, "नाही म्हणता येणार नाही." सप्टेंबरपर्यंत एकट्या तिसरीत आणखी अकरा मुलं पी.एन.एस. झाली, आणि रश्मी मॅडम सेलमध्ये मंगळवार-शुक्रवारच्या जोडीला बुधवारीही बसायला लागल्या.

मग पत्रिकाच आली. शनिवारी शाळेच्या सभागृहात पालकांसाठी कार्यशाळा: 'पी.एन.एस. समजून घेताना'. अनुभवी पालक म्हणून बोलणार श्री. प्रबुद्ध तायडे.

शनिवारी सकाळी प्रबुद्ध इस्त्रीचा शर्ट घालून भाषणाची तालीम करत होता. वडील भाऊराव खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"हे जे काय झालंय आपल्या सम्यकला, ते लिहिलंय कुठं? मला दाखव."

मिसनी यादीचा फोटो पाठवलेला होता. प्रबुद्धने मोबाइल पुढे केला. भाऊरावांनी तो लांब धरला, जवळ धरला आणि रकाने मोठ्याने वाचले. "नाव. जन्मतारीख. ब्लड ग्रुप. बसचा नंबर. शेरा." मग मोबाइल खाली ठेवला.

"प्रबुद्धा, ही आजाराची यादी नाही रे."

"बाबा, तुम्हाला त्यातलं..."

"मला त्यातलंच कळतं. बत्तीस वर्षं नाक्यावर शेरेच लिहिले मी. शेऱ्याच्या रकान्यात माणसाला काय झालंय ते कोणी लिहीत नाही. कागद काय राहिलाय ते लिहितात. आम्ही 'पी.पी.' लिहायचो. पेपर पेंडिंग. म्हणून काय ट्रक ड्रायव्हरला पी.पी. व्हायचा? ज्यानं लिहिलंय त्याला जाऊन विचार."

"असं कसं विचारू? आज भाषण आहे माझं."

"मग मीच येतो," भाऊराव म्हणाले आणि चपला शोधू लागले.

शाळेच्या ऑफिसात अर्बन सर खिडकीमागे बसले होते. सत्तावीस वर्षं इथेच कारकुनी केलेले. भाऊरावांनी दोन्ही कोपरं खिडकीवर टेकवली आणि एका कारकुनाने दुसऱ्याला विचारावं तसं विचारलं, "साहेब, हे पी.एन.एस. तुमचंच ना?"

"माझाच शेरा," अर्बन सर म्हणाले. "फोटो नॉट सबमिटेड. आयकार्डला फोटो पाहिजे ना. जूनपासून कोकलतोय मी, एक पोराचा फोटो येत नाय म्हणून. तो तुमचाच काय?"

प्रबुद्धला खाली बसावंसं वाटलं, पण बाहेर बाक नव्हता.

"बाकीच्या अकरा मुलांचं?" त्याने कसंबसं विचारलं.

"कोणती अकरा? बाकी सगळ्यांचे फोटो आलेत. माझ्याकडे एकच पेंडिंग."

तेवढ्यात धाकू धावत आला. "साहेब, वरती तुमचं नाव पुकारलं!"

सभागृह भरलं होतं. प्रबुद्ध माइकसमोर उभा राहिला. खिशात चार पानी भाषण होतं. समोर पहिल्या रांगेत नीलम वही-पेन घेऊन बसली होती. मागच्या दारात भाऊराव हाताची घडी घालून उभे होते. आयुष्यात पहिल्यांदाच प्रबुद्धला मान हलवता येईना.

"पी.एन.एस. म्हणजे फोटो नॉट सबमिटेड," तो म्हणाला. "आत्ताच ऑफिसात विचारून आलो. माझ्या मुलाचा आयकार्डचा फोटो द्यायचा राहिलाय. बाकी काही नाही. मला आधीपासून काहीच माहीत नव्हतं. मी नुसतं हो हो म्हणत गेलो. तुम्हा सगळ्यांना जे सांगितलं तेही असंच. माफ करा."

रश्मी मॅडम उठल्या. त्यांनी प्रबुद्धच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला आणि माइक आपल्याकडे घेतला.

"बघितलंत?" त्या म्हणाल्या. "यालाच म्हणतात डिनायल. खरं आहे ते नाकारणं. प्रत्येक पालक या स्टेजमधून जातो. तायडेंनी ते इतक्या लोकांसमोर दाखवायची हिंमत केली. टाळ्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. प्रबुद्धच्या हातात एक तुळशीचं रोप देण्यात आलं.

घरी आल्यावर पद्मजा हसेल, असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. तिने सम्यकचं दप्तर उपडं केलं, शाळेची डायरी काढली आणि जूनची पानं उलटायला लागली. एका पानावर थांबली.

"इकडे ये."

फळ्यावरचं बघून सम्यकने डायरीत सूचना उतरवली होती. 'ब्रिंग वन फोटो' असं असायला हवं होतं. बी फिरून डी झाला होता, पी फिरून क्यू झाला होता, आणि शेवटच्या शब्दातली अक्षरं एकमेकांच्या जागेवर जाऊन बसली होती. दोनतीनदा खोडून, कागद फाटेपर्यंत गिरवून लिहिलेलं होतं. खाली प्रबुद्धची झोकदार सही होती.

"मी लिहून आणलं होतं," सम्यक दारात उभा राहून म्हणाला. "बाबांनी सही पण केली. मला वाटलं, बाबांना वाचता आलं."

प्रबुद्धने डायरी हातात घेतली. तीन महिने पोराला वाफ दिली, भोपळा दिला, उड्या मारायला लावल्या. एवढं एक पान वाचलं नव्हतं.

"मी वर्षभर हेच सांगतेय," पद्मजा म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं.

सोमवारी शाळा भरायच्या आधीच तो डायरी घेऊन फ्लेविया मिसपुढे उभा राहिला. मिसनी पान पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सॉरी, सर. खरं सांगते, मला पी.एन.एस. माहीत नव्हतं. मी नवीन ना. तुम्ही कल्पना आहे म्हणालात, मला वाटलं मलाच येत नाही." त्या पानावरून बोट फिरवत राहिल्या. "पण हे खरं आहे. मला वाटतं हे डिसलेक्सिया असेल. मी डॉक्टर नाही, तपासायला पाहिजे."

प्रबुद्धची मान सवयीने हलायला निघाली. त्याने ती जागीच थांबवली.

"म्हणजे काय?" त्याने विचारलं.

मिसनी सांगितलं. हुशारीचा याच्याशी संबंध नाही. कान ऐकतात, डोळे बघतात, पण अक्षर आणि आवाज यांची गाठ सहजी बसत नाही. वेगळ्या पद्धतीने शिकवलं की बसते, मात्र वेळ लागतो. मध्ये प्रबुद्धने आणखी चारदा 'म्हणजे काय' विचारलं. मिसना एकदा स्वतःलाही सांगता आलं नाही. त्या म्हणाल्या, "थांबा, विचारून सांगते." दोघांनाही बरं वाटलं.

हॉस्पिटलमधल्या तपासणीसाठी शाळेचं पत्र लागणार होतं. ते घ्यायला आणि फोटो द्यायला तो ऑफिसच्या खिडकीशी गेला. अर्बन सरांनी पत्रात एकच ओळ लिहिली: 'या मुलाला वाचताना अडचण येते, कृपया तपासावे.' त्यावर शिक्का मारला आणि फोटो आयकार्डावर गोंदाने चिकटवला.

प्रबुद्ध वळला तर मागे नीलम. तिच्या मागे आणखी तीन पालक.

"मॅडमनी डिनायल सांगितलं ते सांगितलं," नीलम त्याच्या कानाशी म्हणाली, "पण तुमचं बरोबर असेल तर रिस्क कशाला?" मग ती खिडकीत वाकली. "सर, आमच्या दिशाचा फोटो परत द्या."

अर्बन सरांनी चष्मा काढला. "फोटो परत? कशाला?"

"पाहिजे. द्या ना लवकर, मागे लाइन आहे."

अर्बन सरांनी सत्तावीस वर्षांत अशी मागणी ऐकली नव्हती. त्यांनी ड्रॉवरमधून दिशाचा फोटो शोधून दिला, रजिस्टर उघडलं आणि तिच्या नावापुढे टोकदार अक्षरात शेरा लिहिला. नीलमने खिडकीतून मान घालून वाचला.

"हे काय? पी.टी.बी.? पी.एन.एस. लिहा ना."

"खोटं कसं लिहू, मॅडम? फोटो सबमिट झाला होता. आता परत नेला. फोटो टेकन बॅक. पी.टी.बी."

नीलमने तो शेरा वहीत उतरवून घेतला, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि मागच्या तिघांकडे एकदा वळून पाहिलं. मग प्रबुद्धला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तायडे, हे पी.एन.एस.च्या वरचं असतं ना?"