बाबांच्या बोटांचा आजार

अकरावीला मानसशास्त्र घेऊन तीन आठवडे झाले नाहीत, तोच श्रद्धाला माणसांची मनं काचेच्या बरणीतल्या लोणच्याच्या फोडींसारखी स्पष्ट दिसू लागली! "चेहरा बघून सांगते, मनात काय चाललंय ते!" असं ती कोथरूडच्या सोसायटीत जिन्यावर भेटेल त्याला सांगे.

तिच्या मैत्रिणी कॉम्प्युटरच्या मागे होत्या. श्रद्धा मात्र मानसशास्त्राच्या पानसे मॅडमच्या मागे. मॅडम शिकवायला लागल्या की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा झोपायचं विसरत. त्यांनी गृहपाठ दिला : घरातल्या एका माणसाचं सात दिवस निरीक्षण करा.

श्रद्धानं बाबांना निवडलं. परभणीहून आलेले बद्रीनाथराव पंचवीस वर्षं एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. साधा माणूस. अर्ध्या पानात संपेल, असा तिचा हिशेब होता.

पण वही भराभर भरायला लागली! जेवताना बाबांची बोटं ताटाच्या कडेवर आपोआप नाचत. डोळे मिटून ते काहीतरी पुटपुटत. आणि घरी रोज दीड तास उशिरा!

"आई, घाबरू नकोस," पाचव्या दिवशी श्रद्धा म्हणाली, "पण बाबांच्या मनावर भयंकर ताण आहे. तो बोटांतून बाहेर पडतोय!"

दुर्गाबाईंनी 'घाबरू नकोस' सोडून बाकी सगळं ऐकलं आणि थेट परभणीला दिराला फोन लावला. लाइन खरखरत होती. त्या ओरडल्या, "भाऊजी, ह्यांच्या बोटांतून काहीतरी भयंकर बाहेर पडतंय!"

दुसऱ्या दिवशी सुदर्शनकाका अंगाऱ्याची पुडी घेऊन हजर!

संध्याकाळी बद्रीनाथराव घरी आले, तर दारातच दुर्गाबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळायला सुरुवात केली. काकांनी अंगारा फासला आणि भावाची दोन्ही मनगटं घट्ट धरली.

"दादा, कसं वाटायलंय आता?"

"झकास वाटायलंय. हात सोड आधी!"

"सोडू नका काका!" श्रद्धा वही उघडत किंचाळली. "आत्ता लक्षण दिसेल!"

ओढाताणीत बाबांची पिशवी पडली आणि कागद घरभर झाले. पानापानावर एकच मजकूर : ए एस डी एफ, ए एस डी एफ...

"अगं आई गं! हा कसला मंत्र?" काका मनगटं सोडून मागे सरकले.

"टायपिंगचा!" बद्रीनाथराव वैतागून म्हणाले. मग कपाळावरचा अंगारा पुसत हळूच बोलले, "स्टोअरमध्ये कॉम्प्युटर येतोय. ज्याला जमेल तो राहील, बाकीच्यांनी स्वेच्छानिवृत्ती घ्यायची. म्हणून क्लास लावला. तिथे सगळी वीस वर्षांची पोरं, मला काका म्हणतात. जमलं की सांगणार होतो. तुमच्या जिवाला उगाच घोर कशाला?"

श्रद्धा बाबांच्या बोटांकडे बघत राहिली. लोखंडी सामान उचलून उचलून जाड झालेली ती बोटं या वयात पुन्हा अक्षरं गिरवत होती, आणि तिनं त्यांना आजारी ठरवलं होतं! तिनं घडलं तसं सगळं वहीत लिहिलं. मीठ-मोहऱ्यांसकट.

मॅडमनी वही परत दिली. "निरीक्षण उत्तम. दहापैकी नऊ. सात दिवस वडिलांकडे टक लावून बघितलंस, पण 'बाबा, काय झालं?' एवढं विचारायला सुचलं नाही. त्याचा एक गुण कापलाय."

श्रद्धानं खालमानेनं वही बाबांपुढे ठेवली. त्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, चष्मा पुसला आणि परभणीला फोन लावला.

"सुदर्शन, पोरीनं दहापैकी नऊ काढले! काय म्हणतोस? विषय कुठला?" बद्रीनाथरावांची छाती फुगली. "अरे, विषय मीच!"