नव्वद मिलिलीटरची मोहीम

श्रीसप्तशृंगीचे चरणी मस्तक ठेवोन, मौजे दिंडोरीचे द्राक्षबागाईतदार राजमान्य राजश्री देवरामनाना यांची कन्या, भारोत्तोलनधुरंधर उज्वलाबाई, इजकडून नव्वद मिलिलीटर मूत्र दरबारी कैसे रुजू जाहले, त्याची हकीकत लिहितों. ज्यांस लाज वाटे त्यांणी येथोनच माघारी फिरावे.

नाशिक मुक्कामी राज्यस्पर्धेत बाईंनी शंभर किलो डोईवर उचलोन सुवर्णपदक जिंकिले, आणि मग पदक गळां पडते न पडते तोंच उत्तेजकतपासणीच्या कारभारीण जहिदाबाई फर्मान घेऊन दाखल जाहल्या, की विजेतीने आमचे नजरेसमक्ष नव्वद मिलिलीटर मूत्र द्यावे, त्यांत स्नायू फुगविणारे स्टेरॉइड सांपडलिया पदक जप्त, राष्ट्रीय स्पर्धा चार साले बंद, आणि नकार देणे हाही गुन्हाच.

बाईंनी जन्मांत भाकरी-ठेच्यापरते जहाल कांही पोटांत घातले नव्हते. परंतु नाना हबकले. कां की आठच दिवसांमागे कन्येने बागेत द्राक्षांचे घड जीएमध्ये, म्हणजे मणी फुगविण्याच्या औषधांत, बुडविले होते, तेही हातमोज्यांविना. मणी फुगतात तर दंड कां न फुगावे, ऐसा नानांचा तर्क. परदेशी धाडिल्या द्राक्षांत औषधाचा अंश निघाला की अख्खा कंटेनर माघारी येतो, हा धसका तर बागाईतदारांचे हाडींमाशी. म्हणोन कन्येचे कानाशी लागोन मसलत दिली, "पोरी, पाणी पी. आतलं समदं धुऊन निघू दे."

"नाना, पोटात मावंना आता!"

"पी म्हंतो ना!"

सात बाटल्या रिचविल्या आणि मग शौचकूपावर पहिली स्वारी जाहली. माल उदंड मिळाला, परंतु घनता मोजावयाच्या यंत्राने कौल दिला की मूत्र पातळ, सबब नामंजूर. नानांनी आणखी पाणी पाजिले. दुसरी स्वारी पातळ. तिसरी तर केवळ गोदावरी. तेव्हां नानांचा धीर सुटला आणि त्यांणी हात जोडोन जीएचा गुन्हा कबूल केला, की शासन मज करावे, पोरीस सोडावे.

जहिदाबाई पोट धरोन हसल्या. "काका, ते द्राक्षाचं औषध, आमच्या यादीतच नाही. आधी तिला पाणी पाजायचं थांबवा, मला मालेगावला घरी जायचंय!"

मग पाणीबंदी पुकारली, बाईंनी मैदानास बावीस प्रदक्षिणा घातल्या, आणि चौथ्या स्वारीस ऐसे पिवळेधमक मूत्र हाती आले की नाना गहिवरले. दोन कुप्या मोहोरबंद होऊन दिल्लीस रवाना जाहल्या. तेथे थोर यंत्राने रेणू न् रेणू वजनास घातला, आणि तीन आठवड्यांनी लखोटा आला, की कांहीही सांपडले नाही.

कांहीच न सांपडल्याचे पेढे अवघ्या दिंडोरीने खाल्ले. नानांनी तो कागद चारदां वाचोन घेतला, डोळे पुसले आणि भर चौकांत जाहीर केले, "म्हंजी पोरीची ताकद पोरीचीच हाय!"

मोहीम फत्ते जाहली.